नर्स घरचीच आहे

आमची चिमी उत्तेजक चाचणीत सापडली, त्या दिवशी गल्लीत सगळ्यात जास्त चिडले ते सत्कार समितीचे अध्यक्ष. साहजिकच होतं. चौकातल्या फलकावर चिमीच्या शेजारी त्यांचा फोटो होता, आणि तो तिच्या फोटोपेक्षा मोठा होता. फलक उतरवायला माणसं येईपर्यंत त्यांना दम निघेना. स्वतःच शिडीवर चढून दोऱ्या कापायला लागले आणि खाली जमलेल्यांना वरूनच सांगायला लागले की ह्या मुलीने आपल्या सगळ्यांचं नाक कापलं. मी हॉस्पिटलातून घरी येत होते. दोन्ही हातांत पिशव्या होत्या म्हणून ती शिडी वाचली.

मला राग लवकर येतो हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तो जातोही लवकर. ह्या बाबतीतला मात्र अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. म्हणून काय झालं ते नीट पहिल्यापासून सांगते.

चिमी माझी धाकटी नणंद. वेटलिफ्टर. लहानपणी चिमणीएवढी होती म्हणून चिमी. पुढे स्वतःच्या वजनाच्या दुप्पट लोखंड डोक्यावर न्यायला लागली तरी नाव तेच राहिलं. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत होती आणि सासूबाई गेलेल्या होत्या. तिच्या वेण्या मी घातल्या, तिची पहिली पाळी मी निभावली, आणि वजनाचा दांडा घासून तिच्या नडग्या सोलून निघायच्या त्या जखमाही मीच धुतल्या. मी सर्जरी वॉर्डात नर्स आहे, त्यामुळे रक्ताचं मला काही वाटत नाही. तिच्या तळहातांवर घट्टे आले की ती पुस्तक दाखवावं तसे दोन्ही हात माझ्यापुढे धरायची आणि मी ते ब्लेडने हलके तासून द्यायची. घट्टा जास्त वाढू दिला तर दांडा फिरताना कातडीसकट फाटतो. सराव करून आली की ती आधी माझ्याकडे यायची, मग जेवायला बसायची.

घरात आणखी दोघं. सासरे, म्हणजे आमचे बाबा, बसमध्ये कंडक्टर होते आणि निवृत्त झाल्यावर चहाच्या टपरीवर ‘चिमीचे बाबा’ म्हणून पुन्हा रुजू झाले. आणि माझा नवरा. त्याचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान आहे. माणूस स्वभावाने इतका गरीब की घरात वाद झाला की तो दोन्ही बाजूंना मान डोलावतो.

चिमी मोठ्या स्पर्धेला परदेशी गेली आणि चौथी आली. जगभरातल्या मुलींमध्ये चौथी. मला वाटलं, आता हिला कुठे ठेवू नि कुठे नको असं होईल लोकांना. झालं भलतंच. सत्कार समितीने उघडी जीप ठरवली होती, बँड ठरवला होता, स्टेजसाठी रस्ता अडवायची परवानगी काढली होती. ते सगळं एका फोनवर रद्द झालं. चिमी शेअर रिक्षातून घरी आली, दोन अनोळखी बायांच्या मधे बसून, बॅग मांडीवर घेऊन. बाबांनी दार उघडलं आणि पहिलं वाक्य बोलले, “थोडक्यात गेलं ना?”

पुढचे कित्येक दिवस हेच चाललं. किराणावाला म्हणाला थोडक्यात गेलं. तिच्या ऑफिसातले साहेब म्हणाले थोडक्यात गेलं. वीज कंपनीच्या ऑफिसात ती खेळाडूंच्या जागेवर कंत्राटी म्हणून लागली होती. साहेब म्हणाले, पदक असतं तर मला तुझ्यासाठी वर शब्द टाकता आला असता. आणि अध्यक्षांचं सिमेंट-सळईचं दुकान आहे, तिथे मी एकदा खिळे आणायला गेले तर सिमेंटच्या पोत्यांवर एक मोठा फ्लेक्स पांघरलेला. त्यावर ‘सुवर्णकन्या’ असं ठसठशीत छापलेलं आणि खाली आमची चिमी हसतेय. स्पर्धेच्या आधीच छापून ठेवला होता. नोकर त्यावर पाय देऊन पोती उतरवत होता. मी खिळे न घेताच परत आले आणि घरी कोणाला काही सांगितलं नाही, पण चिमी रोज त्याच रस्त्याने सरावाला जात होती. तिने तो पाहिला नसेल असं कसं होईल.

त्यातच पुढच्या स्पर्धेच्या निवडीसाठी किती वजन उचलावं लागेल ते जाहीर झालं. आकडा बघून मी चिमीकडे बघितलं. ती चौथी आली तेव्हा तिने जे उचललं होतं त्याहूनही तो कितीतरी वर होता. खुर्चीत बसून आकडा वाढवणाऱ्यांना तो दांडा कधी छातीशी घ्यावा लागत नाही. हे वजन मुली कशाच्या जोरावर उचलणार, असा प्रश्न त्यांच्यातल्या एकालाही पडला नसेल यावर माझा विश्वास नाही. पडला असणार, आणि त्यांनी मूग गिळले असणार.

त्याच सुमारास आमच्या घरात एक शब्द आला, रिकव्हरी. तो तिच्या कोचनी आणला. त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. चांगले उंच, मृदू बोलणारे, समोरच्याचं नाव दर वाक्यात घेणारे. ते घरी येऊन बाबांना समजावून गेले की चिमीची मेहनत कुठेच कमी नाही, तिची फक्त रिकव्हरी कमी पडते. वरच्या मुलींची रिकव्हरी चांगली आहे. बाबांना तो शब्द फार आवडला. टपरीवर, बसस्टॉपवर ते लोकांना सांगायला लागले की आमच्या पोरीचं सगळं चांगलं आहे, फक्त रिकव्हरीचं बघायचंय. लोकही माना डोलवायचे. त्या शब्दाच्या पोटात काय आहे हे प्रत्येकाला कळत होतं, म्हणूनच कोणी विचारत नव्हतं.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते तेव्हा चिमी आली आणि ओट्यावर रुमालात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. काचेची कुपी होती, तिच्यावरचं लेबल खरवडून काढलेलं. मला सुई टोचता येते, घरातल्या घरात होईल, बाहेर कोणाला कळणार नाही, असं सरांनी सुचवलं होतं. नर्स घरचीच आहे, हे त्यांचे शब्द.

मी काही बोलायच्या आत तीच बोलली, आणि आवाज अजिबात न चढवता बोलली. “वहिनी, माझ्या वरच्या तिघींच्या पाठी मी बघितल्यात. वजन करायला आम्ही सगळ्या एका रांगेत उभ्या असतो. तिघींच्या पाठीवर फोड आहेत, तिघींचे आवाज फुटलेत. सगळ्यांना दिसतं ते. मी नीट खेळले तर मला कोणी शहाणी म्हणत नाही, थोडक्यात गेलं म्हणतात. मग मी कोणासाठी नीट खेळू?”

मला फक्त त्या औषधाने काय होतं ते माहीत होतं, ते मी तिला सांगितलं. पाळी जाते, आवाज बदलतो आणि परत येत नाही, तोंडावर केस येतात, यकृत सुजतं, पुढे मूल होईल की नाही ते देवाच्या हाती. ती ऐकून घेत होती आणि तिला ते सगळं आधीच माहीत होतं. मी कुपी फोडून मोरीत ओतली आणि वर बादलीभर पाणी टाकलं. तिने मला अडवलं नाही. रुमालाची घडी घातली आणि निघून गेली.

त्यानंतर घरात मी वाईट झाले. बाबा मला म्हणाले, “दिवसभर तेच करतेस ना? परक्यांना टोचतेस, मग घरच्या पोरीला टोचायला काय होतंय?” जणू मी वाटीभर साखर द्यायला नाही म्हटलं होतं. मी त्यांना तिथल्या तिथे विचारलं की कुपीत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे का. ते म्हणाले, “रिकव्हरीचं.” मी म्हटलं, त्याचं नाव सांगा. त्यांनी पेपर उघडला. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तुला पटेल तसं कर. माझ्या मते जगातलं सगळ्यात निरुपयोगी वाक्य ते हेच.

मग कोणीतरी दुसरं टोचायला लागलं. मला ते कोणी सांगायची गरज पडली नाही. चिमी घट्टे तासून घ्यायला माझ्याकडे यायची बंद झाली, केस मोकळे सोडून मान झाकायला लागली, आणि पाळीच्या दिवसांचं कपाटातलं सामान जसंच्या तसं पडून राहिलं. फोनवर तिचा ‘हॅलो’ ऐकून मला वाटलं नवराच बोलतोय. मी तिच्याशी भांडले, रडले, सरांना जाऊन सुनावून आले. सर म्हणाले, वहिनी, तुम्ही उगाच काळजी करता वहिनी, ती मोठी झालीय. मी तिच्या ऑफिसातल्या साहेबांच्या कानावर घातलं, तर त्यांनी कानांवर हात ठेवले. म्हणाले, ह्या गोष्टी मला माहीत नसलेल्याच बऱ्या.

पुढच्या स्पर्धेत चिमीने सोनं आणलं. आता आली ती त्याच जीपमध्ये, त्याच बँडच्या मागे. अध्यक्षांनी तिचा हात पकडून वर केला तो फोटोवाल्यांचं समाधान होईपर्यंत खाली येऊ दिला नाही. भाषणात म्हणाले, जिद्द काय असते ते आमच्या पोरीकडून शिकावं. साहेब आले, सर आले, शाळेतल्या मुलांना ओळीत उभं केलं. माईक तिच्या हातात दिला तेव्हा ती ‘धन्यवाद’ एवढंच बोलली, आणि त्या घोगऱ्या आवाजावर पहिल्या रांगेतल्या कोणाच्याही कपाळाला आठी पडली नाही. शेकडो माणसांनी तो आवाज ऐकला. टाळ्या वाजवल्या. मी मागे खांबापाशी उभी होते आणि मला वाटत होतं की ओरडून विचारावं, तुम्हाला ऐकू येत नाही का.

स्पर्धेनंतर घेतलेल्या लघवीच्या तपासणीचा निकाल काही आठवड्यांनी आला. फलक कसा उतरला ते सांगितलंच आहे. ‘आमची चिमी’ होती ती एका दिवसात ‘ती मुलगी’ झाली. ऑफिसाने काढून टाकलं. समोर राहणाऱ्या शिकवणीच्या बाईंची मुलगीही सरांकडेच सराव करते. त्या बाईंनी गॅलरीत उभं राहून, आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने, मुलीला बजावलं की अशा मुलींच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. चिमी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायची. औषध एकदम थांबल्यामुळे तिला घाम फुटायचा, मधेच थंडी वाजायची. तिच्याकडे बघायला त्या दिवसांत कोणी आलं नाही.

आले ते सर. सोबत अध्यक्षही. मला वाटलं, निदान तोंड दाखवतायत. चहा मीच केला. सरांनी वकिलाला विचारून आणलं होतं की चिमीने जाणूनबुजून घेतलं असं ठरलं तर चार वर्षांची बंदी, आणि दुसऱ्या कोणाच्या चुकीने शरीरात गेलं असं ठरलं तर दोन. चार वर्षांनी तिचं वय निघून जाईल. दोन वर्षांनी ती परत उभी राहू शकते. तर चूक कोणाची दाखवायची, तर घरात नर्स आहेच. चिमीची कंबर धरली होती, वहिनीने हॉस्पिटलातली कुठलीशी सुई दिली, काय आहे ते न बघता दिली, असं वहिनीने लिहून द्यायचं. कागद टाईप करून आणला होता. माझं नाव सुद्धा बरोबर लिहिलं होतं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मला तेव्हा कळली. मी विचारलं की ह्याने माझी नोकरी जाईल, नोंदणी रद्द होईल, कदाचित पोलीसही येतील, हे कोणाच्या लक्षात आलंय का. अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले की लोक पापाला माफ करत नाहीत, पण चुकीला करतात, आणि असं झालं तर ते स्वतः चिमीसाठी पुन्हा उभे राहतील. म्हणजे पुन्हा फलकावर. सर म्हणाले, वहिनी, तिच्यासाठी वहिनी. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान डोलावली, आधी त्यांच्याकडे बघून आणि मग माझ्याकडे. आणि बाबा म्हणाले, “घरच्या सुनेने घरासाठी एवढं सोसायला काय हरकत आहे?”

सून. चौघे पुरुष दिवाणखान्यात बसले होते. त्यांतल्या एकाने ते औषध आणलं, एकाने त्यावर मिळालेल्या सोन्यासाठी जीप काढली, एकाने टपरीवर मिरवलं, एकाने मान डोलावली. खापर फोडायला मात्र त्यांना सगळ्यात सोयीचं डोकं सापडलं ते माझं, जिने ते मोरीत ओतलं होतं. आणि त्यात आपण काही गैर करतोय असं कोणालाच वाटत नव्हतं. दोन दिवसांत गल्लीभर झालं की सगळा घोळ नर्सने केला. वॉर्डात एक पेशंट सलाईन लावून घेताना हसत म्हणाला, सिस्टर, बाटली नीट बघून लावा. मला हसू आलं नाही.

तरीही मी सही करणार नाही असं म्हणाले नाही. हे कोणाला पटणार नाही, पण आतल्या खोलीत पडलेली ती मुलगी माझ्या हाताखाली वाढली होती. दोन वर्षं म्हणजे तिचं आयुष्य उरतं, चार म्हणजे संपतं. आणि माझी नोकरी गेली तर माझं काय उरतं, तेही मला दिसत होतं. मी कागद पर्समध्ये ठेवला.

सुनावणी दुसऱ्या शहरात होती. चिमी, मी, नवरा आणि सर असे गेलो. खेळाडूला आपल्यासोबत एक प्रतिनिधी आणता येतो, आणि चिमीचे प्रतिनिधी म्हणून सरच आले होते. सकाळी लॉजवर मी उठले तर न्हाणीघराचा दिवा चालू. चिमी आरशासमोर उभी राहून दादाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या रेझरने हनुवटी खरवडत होती. कोरडीच. दोन ठिकाणी रक्त आलं होतं. मी तिला स्टुलावर बसवलं, साबणाचा फेस केला आणि ऑपरेशनच्या आधी पेशंटची दाढी करतो तशी तिची केली. ती डोळे मिटून बसली होती. ह्या चेहऱ्याला मी शाळेत पाठवताना पावडर लावली होती.

मी तिला म्हटलं, “तू सांग. तू म्हणालीस तर सही करते.”

तिने फेस पुसू दिला, मग म्हणाली, “दोन वर्षांनी मी परत उचलू शकते, वहिनी.”

“आणि मी?”

“तुला दादा आहे ना.”

हे तिचं वाक्य नव्हतं. दिवाणखान्यातलं होतं, फक्त तिच्या त्या फुटक्या आवाजात आलं. मला इतकं लागलं की मी रेझर धुवायला पाठ फिरवली आणि नळ बराच वेळ चालू ठेवला. पण शब्द दिला होता. कपडे करताना मी कागदावर सही केली आणि घडी घालून तिच्याकडे दिली.

सुनावणीच्या खोलीत टेबलामागे तिघं होते. एक निवृत्त न्यायाधीश, एक डॉक्टर आणि एके काळी धावपटू असलेल्या एक बाई. आम्ही समोर. कागद सरांनी चिमीच्या हातून घेऊन पुढे सरकवला. डॉक्टरांनी तो वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले की हे फार गंभीर आहे, अशा नर्सची नोंदणी रद्द करण्याची शिफारस आम्हाला करावी लागेल.

सर लगेच म्हणाले, “करायलाच हवी साहेब. अशा लोकांमुळेच आमचे खेळाडू बदनाम होतात.”

अशा लोकांमुळे. हे म्हणताना ते माझ्याकडे बघतही नव्हते. चिमी मात्र त्यांच्याकडे बघत होती. डॉक्टरांनी तिला विचारलं की इंजेक्शन वहिनींनी कधी आणि कशासाठी दिलं ते स्वतःच्या शब्दांत सांगा. ती उठून उभी राहिली, गरज नसताना.

“वहिनीने दिलं नाही,” ती म्हणाली. “मी तिच्याकडे घेऊन गेले होते. तिने ते मोरीत ओतलं. मग सरांनी दुसरं दिलं आणि त्यांच्या माणसाने टोचलं. मला माहीत होतं ते काय आहे. सगळ्यांना माहीत होतं.”

नवऱ्याने मान खाली घातली. सर शांतपणे उठले आणि म्हणाले की आरोपांच्या धक्क्याने मुलीचं मन ठिकाणावर नाही, आणि ह्या परिस्थितीत आपण प्रतिनिधी म्हणून अंग काढून घेत आहोत. त्यांनी खुर्ची नीट आत सरकवली आणि निघून गेले. कोणी त्यांना थांबवलं नाही. न्यायाधीशांनी तिला विचारलं, कोचविरुद्ध काही पुरावा आहे का. पुरावा काय असणार? लेबल खरवडलेली कुपी मी फोडली होती, आणि नंतरच्या कुप्या सर मोजून परत नेत असत.

मग त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं की सही माझी आहे आणि मजकूर खोटा आहे, आणि ती सांगते ते खरं आहे. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण थांबले नाही. मी म्हटलं, “निवडीसाठी ठरवलेलं वजन बघा. ते औषधाशिवाय उचललेली एक मुलगी मला दाखवा. ती चौथी आली तेव्हा तिला घ्यायला कोणी आलं नाही, सोनं आणलं तेव्हा अख्खं शहर आलं. त्या शहराची चाचणी कोण घेणार?”

धावपटू बाई टेबलावरच्या पेनाकडे बघत राहिल्या. न्यायाधीश चांगला माणूस असावा. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं आणि मग म्हणाले, “बाई, आमच्यासमोर फक्त खेळाडू येतो. बाकीचे आमच्या कक्षेत येत नाहीत.”

चार वर्षं.

परतताना बसमध्ये चिमी खिडकीशी बसली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “सकाळी जे बोलले ते विसर.” मी म्हटलं, विसरणार नाही, पण रागही धरणार नाही. तिने आपले हात माझ्यापुढे धरले. घट्टे नरम पडून सोलायला लागले होते. माझ्याकडे ब्लेड नव्हतं, म्हणून मी ते नुसतेच धरून बसले.

घरी बाबांनी मला विचारलं की कागद होता, सही होती, मग पोरीला बोलू कशाला दिलंस. आजतागायत ते माझ्या हातचा चहा घेत नाहीत. मीही करत नाही. नवऱ्याने मात्र एक गोष्ट केली, चिमीला दुकानात बसवलं. ती आता किल्ल्या कापते. फोन घेतला की गिऱ्हाईक तिला ‘दादा’ म्हणतं आणि ती दुरुस्त करत नाही. सरांची चौकशी करायची म्हणून वेटलिफ्टिंगच्या संघटनेने समिती नेमली. त्या समितीवर सरांचेच दोन मित्र आहेत. सराव पूर्वीसारखा चालू आहे, आणि अध्यक्ष कोणा नव्या मुलीच्या पालकांबरोबर चौकात उभे असतात.

मला एकच समाधान होतं. वाटायचं, निदान गल्लीला दिसलं तरी. मुलगी डोळ्यांसमोर काय झाली ते दिसलं, तिचा आवाज रोज दुकानातून ऐकू येतो. आता तरी कोणी आपल्या पोरीच्या हातात असलं काही पडू देणार नाही.

परवा दुपारी दारावर टकटक झाली. शिकवणीच्या बाई होत्या. चिमी सापडल्यापासून त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. आत आल्या, दार लोटून घेतलं आणि पदराखालून एक कुपी काढली. सरांनी मुलीसाठी दिली म्हणाल्या. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, की विचारायला माझ्याकडे आल्या. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, बाई, बरं केलंत आणलंत ते, ह्याने काय काय होतं ते मी तुम्हाला सगळं सांगते.

त्यांनी पाण्याचा पेला न पिता खाली ठेवला.

“ते कळतंय हो मला. घरात बघतेच आहे तुमच्या,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मी एवढंच विचारायला आले होते, हे औषध तपासणीत सापडतं का?”

मी त्यांच्या हातातली कुपी घेऊन मुठीत घट्ट धरली आणि सांगितलं की मुलीला माझ्याकडे पाठवा, मी तिच्याशीच बोलेन, ही मी परत देणार नाही. त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळून, अगदी काकुळतीला येऊन म्हणाल्या, “अहो, असं नका करू. पुढच्या आठवड्यात निवड आहे.”